भागीरथाबाई ‘खा’ म्हणेपर्यंत

भागीरथाबाईच्या हातचं जेवण मला आवडत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. ती गेल्यावर जो तो तिच्या हाताला काय चव होती म्हणून सांगत सुटला, आणि मला राग येत राहिला. चव तिच्या हाताला कधीच नव्हती. ती होती तिच्या जिभेला. पुढे जीभही गेली, आणि ती गेल्याचं मला ठाऊक होतं. माझ्याशिवाय गावात कोणालाच ठाऊक नाही, अशी माझी ठाम समजूत होती. त्या समजुतीपायी जे झालं ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

पंच्याऐंशीच्या जुलैत मी कुकडटोल्याला शिक्षक म्हणून रुजू झालो. चामोर्शीपर्यंत बस, पुढे नऊ मैल जंगलातली बंडीवाट. अडतीस घरं आणि एका खोलीची शाळा. माझे वडील ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कामाला. आमच्या घरी ताट वाढलं जायचं ते केंद्राच्या बसच्या वेळेवर. इथे पहिल्या संध्याकाळी मी शाळेच्या पायरीवर नुसता बसून होतो. गावाने माझं आडनाव विचारलं, मी खोब्रागडे म्हणून सांगितलं, आणि जो तो आपापल्या घरी निघून गेला. आम्ही छप्पन्न सालापासून बौद्ध. आडनाव ऐकून माणसं अशी पांगतात हे मला नवं नव्हतं, पण रिकाम्या पोटी त्याचा राग जरा जास्तच येतो.

शाळेला लागून असलेल्या घरातून एक उंच, वाळलेली म्हातारी बाहेर आली. हातात जर्मनची थाळी होती.

“जेवला का गा, मास्तर?”

“नाही.”

“मंग बसून काऊन राह्यला? ऊठ. हात धू.”

थाळीत पातळ पेज, टरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी आणि कसलीशी लालसर चटणी होती. चटणी लाल मुंग्यांची आहे हे कळल्यावर मी ती बोटाने बाजूला सारली. तिने ती पुन्हा माझ्यापुढे ढकलली आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली. ही भागीरथाबाई. त्या दिवसापासून मी तिच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, जेवू लागलो. गावाला ते रुचलं नसावं, पण तिच्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती.

तिला वार किंवा तारीख ठाऊक नसे. वर्ष ओळखायचं ते खाण्यावरून. चैतात मोहफुलं वेचायची, वाळवायची, लाखोळीच्या डाळीत टाकून शिजवायची. उन्हाळा चढला की चारोळीची चारं आणि तेंदूची टेंभरं. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना तिकडे वास्ते म्हणतात, आणि वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या, म्हणजे सात्या. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, मका. धान घरात आलं की चार महिने भात, आणि ते संपलं की पुन्हा जंगल. वर्षातून एकदा मार्कंड्याच्या जत्रेला जायची, तेवढंच तिचं बाहेरचं जग. एकदा तिने मला विचारलं, “तुमच्या ऊर्जानगरच्या जंगलात काय भेटते?”

“तिथे जंगल नाही. राखेचे ढीग आहेत.”

“मंग खाता काय?”

“दुकानातून आणतो.”

“अना दुकान बंद राह्यलं तं?”

मी हसलो. ती हसली नाही. तिला हसताना मी फार तर दोनदा पाहिलं असेल.

जंगलही हात आखडता घेतं असे दीड-दोन महिने पावसाळ्याच्या तोंडाशी येत. त्या दिवसांत गाव कडू कांद्यावर जगायचं. हा कांदा म्हणजे एका काटेरी वेलीच्या मुळाशी वाढणारा, माणसाच्या डोक्याएवढा केसाळ कंद. दिसायला अगदी गरीब. पण नीट न धुता पोटात गेला तर आधी तोंडाची आग होते, मग ओकाऱ्या, मग माणूस मोहाची दारू प्यायल्यासारखा बरळू लागतो, आणि जास्त गेला असेल तर पुन्हा उठत नाही. तरी लोक तो खायचे, कारण तो जमिनीत हमखास सापडायचा. बाया तो सोलून त्याचे पानासारखे पातळ काप करायच्या, चुलीची राख चोळून एकदा उकळायच्या आणि बांबूच्या टोपलीत भरून टोपली नाल्याच्या धारेत दगडाखाली दाबून ठेवायच्या. तीन रात्री. वाहतं पाणी कांद्यातलं वीख काढून नेतं, पण पाणी वाहतं हवं.

चौथ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरची बाई पळसाच्या पानावर एकेक काप घेऊन भागीरथाबाईच्या अंगणात यायची. ती काप जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि एक विडी ओढून होईल इतका वेळ गप्प बसायची. मग एकीला म्हणायची, “खा.” दुसरीला म्हणायची, “तुह्या कांद्यात अजून हाय. ने परत.” तिने ‘खा’ म्हटल्याशिवाय कडू कांदा कोणाच्या चुलीवर चढत नसे. हा त्या एका गावचा कायदा होता, शेजारच्या गावातसुद्धा असलं काही नव्हतं.

तो कसा झाला, हे मला वारलूभाऊने सांगितलं. वारलूभाऊ गावातला जाणता माणूस, तिच्या चुलत दिराचा मुलगा. भागीरथाबाई नवी नवरी होऊन आली त्या साली धान जळालं होतं. सासऱ्याला धीर निघेना, त्याने दोनच रात्रींत टोपली काढून आणली. चुलीपाशी हिने एक काप जिभेवर ठेवला आणि जीभ भाजली. पण नव्या सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायची रीत नव्हती. तिने मुकाट्याने वाढलं. बाया शेवटी जेवतात, तोवर भांडं रिकामं झालं होतं म्हणून तिच्या पोटात काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सासरा, नवरा आणि जावेची दोन लेकरं, असे चार जण त्या घरातून गेले. मसणवटीतून परतल्यावर ती डोक्यावरचा पदर न सावरता गावाच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली की यापुढे कोणाच्याही घरचा कांदा मी चाखल्याशिवाय शिजणार नाही. सोळा-सतरा वर्षांची पोर होती. कोणी नाही म्हटलं नाही.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांत कुकडटोल्यात कांद्याने एकही माणूस दगावला नाही.

आता जिभेचं सांगतो. शहाऐंशीच्या डिसेंबरात एका सकाळी तिने पेजेचा गंज माझ्यापुढे आणून ठेवला. मी पहिला घोट घेतला आणि थुंकलो. पेजेला रॉकेलचा भपकारा होता. आदल्या दिवशी शाळेच्या कंदिलात रॉकेल भरताना मीच ते तिच्या पिठाच्या मडक्याजवळ सांडलं होतं. मी ओरडलो, पण ती समोर बसून तीच पेज शांतपणे पीत होती. अर्धा वाडगा संपला होता.

“बाई, तुम्हाला वास येत नाही?”

“कायचा?”

तिने वाडगा खाली ठेवला. मग उठली, अंगणाचं फाटक लावून आली आणि माझ्यासमोर बसली. वयाने साठीची बाई, पण चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखी मान खाली घालून बसली होती.

“दोन सालाआधी मोठा ताप आलता,” ती म्हणाली. “तुह्या येण्याच्या जरा आधी. तवापासून जीभ म्हंजे पायताणाचं चामडं झाली. मीठ समजत नाई, मिरची समजत नाई.”

“मग कांदा कसा चाखता?”

“पोट हाय ना.”

मला तेव्हा कळलं की मागच्या पावसाळ्यात ती पानं घेऊन आत का जायची. बायांना सांगायची, इथी ठेवा, मी देवाले दाखवतो अना सांजेले सांगतो. मी समजलो होतो म्हातारपणी देव-देव वाढलं. ती आत जाऊन ते सगळे काप खायची. कधी सात, कधी वीस. मग दिवसभर भिंतीला टेकून वाट बघायची. डोकं गरगरलं, ओकारी आली, तर संध्याकाळी सगळ्यांनाच सांगायची, अजून एक रात्र. काही झालं नाही तर म्हणायची, खा.

मी डोक्यात राख घालून घेतली. नाही नाही ते बोललो. हे वेडेपण आहे, जीव जाईल, मी आत्ता जाऊन वारलूभाऊला सांगतो. तिने माझं मनगट धरलं. हातात अजून ताकद होती.

“सांगशीन तं उद्यापासून हे लोक दोन रात्रीतच टोपल्या काढतीन. भूक लागली का मानसाले घाई होते, मास्तर. मी पाह्यलं हाय. इथी कोनी थांबते तं माह्या शब्दानं थांबते. तो शब्द खोटा हाय म्हनून समजलं का मंग कोन थांबनार?”

“कोंबडीला घाला ना.”

“कोंबडी सांगते काय, डोकं कसं फिरून राह्यलं म्हनून?”

“मग मी चाखतो. मला जीभ आहे.”

“गाव तुह्या शब्दावर खाईन काय?”

खरं सांगायचं तर ती नाहीच म्हणणार हे ठाऊक होतं म्हणून मी तेवढ्या जोराने बोललो होतो. तिने मला शपथ घातली. मी ती घेतली, आणि मनातल्या मनात जरा सुखावलोसुद्धा. ज्या गावाने मला पहिल्या दिवशी पायरीवर बसवून ठेवलं, त्या गावाचं सगळ्यात मोठं गुपित एकट्या माझ्यापाशी होतं.

सत्त्याऐंशी साली पाऊस आला नाही. जूनमध्ये दोन सरी पडल्या, त्यावर लोकांनी रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकले आणि ते वाळून गेले. जुलैत उन्हाळ्यासारखं ऊन. वास्ते फुटले नाहीत, सात्या उगवल्या नाहीत, टरोटासुद्धा वितभर वाढून पिवळा पडला. शाळेत पोरं भिंतीला टेकून पेंगायची. मी कोणाला उठवत नसे. गावातल्या कुत्र्यांचं भुंकणंही कमी झालं होतं. जंगलातून रोज डोक्यावर कडू कांद्याच्या पाट्या घेतलेल्या बायांची रांग यायची, आणि मला ती रांग बघवत नसे.

नाल्याचं तर काय सांगू. दर साली आषाढात तिथे मांडीइतकं पाणी असायचं. त्या साली आधी घोट्याएवढं राहिलं, मग जागोजाग डबकी झाली आणि त्यांना जोडणारी मनगटाएवढी धार तेवढी उरली. बाया त्या धारेत टोपल्या एकीला एक चिकटवून ठेवायच्या. वरच्या टोपलीचं वीख खालच्या टोपलीत उतरणार, हे शाळेतल्या पोरालाही समजलं असतं. तीन रात्री पुऱ्या व्हायच्या, पण कांदा तसाच असायचा.

आणि चौथ्या दिवशी पानं तिच्या अंगणात यायची.

पहिल्या खेपेला ती संध्याकाळी दारात आली तेव्हा तिने चौकट धरली होती. “अजून एक रात्र,” एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टोपल्यांतले काप, पुन्हा एक रात्र. तिसऱ्या दिवशी खा म्हणाली. आठ दिवसांनी नवी खेप. ती आता घरातल्या घरातही भिंत धरून चालायची. एकदा मला तिने गुणवंतराव म्हणून हाक मारली. गुणवंतराव तिच्या नवऱ्याचं नाव. मी चामोर्शीच्या बाजारातून तांदूळ आणून दिला, तर तिने तो वाडग्यावाडग्याने लेकुरवाळ्या घरी वाटून टाकला. मी चिडलो तेव्हा म्हणाली, “तू लय बोलतो गा.”

दोनदा मी वारलूभाऊच्या घरी गेलो. दोन्ही वेळा सांगायचंच म्हणून गेलो होतो. पहिल्यांदा तो वखर दुरुस्त करत बसला होता. शेत कोरडं आणि हा वखर दुरुस्त करतो, म्हणून मला त्याची कीव आली. त्याच्या सुनेने, कमळाने, पाणी आणून दिलं. वारलूभाऊने मान वर न करता विचारलं, “भागीरथाबाई बरी हाय ना?”

“बरी आहे.”

“तिले जप गा, मास्तर. बुढी झाली ते.”

तो आणखी काहीतरी बोलणार होता. कमळानेही त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने पुन्हा हातोडी उचलली आणि मी पाणी पिऊन घरी आलो. दुसऱ्यांदा तर मी फाटकातूनच परतलो. मी स्वतःला समजावलं की शपथ घेतली आहे, गावाचा जीव त्या शपथेवर आहे, आणि पाऊस आला की सगळं मिटेल.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. सोमवारी सकाळी तिच्या अंगणात चोवीस पानं आली. मी शाळेच्या दारातून मोजली. बाया गेल्यावर मी तिला म्हटलं, बाई, आज नको, आजचा दिवस नुसतंच अजून एक रात्र म्हणून सांगा. तिचे ओठ काळे पडले होते. ती म्हणाली, “चार दिवसापासून पोट्ट्याइच्या पोटात अन्न नाई. खोटं सांगून उपाशी ठेवू काय?” आणि तिने दार लावून घेतलं.

मी शाळेत जाऊन बेरजा घातल्या. फळ्यावर काय लिहितो आहे ते मलाच कळत नव्हतं. दुपारच्या सुटीत मी तिच्या दाराशी गेलो. आतून कडी होती. कान लावला तर ती कोणाशीतरी बोलत होती. शब्द जड पडत होते, एकात एक मिसळत होते. “मामाजी, नोका खाऊ,” ती म्हणत होती. “जिभेले लागलं माह्या. नोका खाऊ.” मामाजी म्हणजे सासरा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे बोलायला हवं होतं ते ती आता बोलत होती.

मी खांद्याने दार फोडलं. ती चुलीपाशी कलंडली होती आणि पळसाची चोवीसच्या चोवीस पानं तिच्या भोवती रिकामी पडली होती. मी तिला ताक पाजायचा प्रयत्न केला. घशाखाली उतरलं नाही. मग मी पळत वारलूभाऊकडे गेलो आणि ओरडलो, “बंडी जुंपा. बाईने कांदा खाल्ला.”

वारलूभाऊने काही विचारलं नाही. पाच मिनिटांत बंडी जुंपली. कमळा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पायाशी बसलो. नऊ मैलांची वाट, त्यात बैलही अर्धपोटी. वारलूभाऊ आयुष्यात बैलांना मारत नसे, त्या दिवशी त्याने मारलं. वाटेवर कुठे पाखराचा आवाज नव्हता. चाकांची करकर तेवढी.

साग संपून शेतं लागली तेव्हा तिने डोळे उघडले. शुद्ध अगदी स्वच्छ होती.

“वारलू.”

“काय वो, बाई?”

“आज कोनी खाऊ नोका. सांग साऱ्याइले. अजून हाय त्याच्यात.”

वारलूभाऊने बैल थांबवले. मागे वळला. “नाई खात, बाई. तू सांगशीन तवाच खाऊ.”

तिचा चेहरा सैल पडला. इतकं समाधान मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. चामोर्शी दोन मैलांवर असताना कमळाने तिच्या नाकाशी हात धरला, तसाच धरून ठेवला आणि मग रडायला लागली. बंडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

आता शपथ कोणासाठी पाळायची? मी सगळं बोलून टाकलं. तिची जीभ कधीच गेली होती. ती चाखत नव्हती, खात होती. प्रत्येक घरचा काप, दोन साल झाले, तुम्हाला काही होऊ नये म्हणून खात होती. मी ओरडून बोलत होतो. मला त्या दोघांना दुखवायचं होतं. या गावाने फुकटात एका म्हातारीचा जीव वापरला, असंही मी म्हणालो.

कमळाचं रडणं थांबलं होतं. ती माझ्याकडे भूत पाहिल्यासारखी बघत होती.

“सारं खायची?” ती म्हणाली. “एकेक काप, सारं?”

“सगळं.”

“मामाजी,” ती वारलूभाऊला म्हणाली, “ते सारं खात होती.”

वारलूभाऊ बंडीच्या जुवाला धरून उभा होता. त्याने बैलांच्या पाठीवर उठलेल्या वळांवरून हात फिरवला. मग म्हणाला, “जीभ गेली ते आमाले माहीत होतं, मास्तर.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“तापातून उठली त्याच पावसाळ्यातली गोष्ट,” तो सांगू लागला. “पहिल्याच खेपेले आमच्या घरचा काप जिभेवर ठेवला अना खा म्हनली. तिलेबी तवा समजलं नसन. सांजेले ह्या कमळानं तोंडात घातला तं तोंड सुजलं. तवाच समजलो आमी. पर तिले सांगाव कसं? साऱ्या जिनगानीत तिच्यापाशी तेवढंच होतं. मंग आमी घराघरानं ठरवलं. तिनं खा म्हनलं का टोपली अजून दोन रात्री पान्यात ठेवाची, मंग कमळानं जिभेवर घेऊन पाहाची, मंग चुलीवर. तिच्या शब्दावर दोन सालात कोनीच खाल्लं नाई, मास्तर. तिचा मान राहाव म्हनून पानं नेऊन देत होतो.”

“आमाले वाटे ते फेकून देत असन,” कमळा म्हणाली. “अंदाजानं सांगत असन. खाईन म्हनून कोनाच्या मनात येईन?”

आत्ता माझ्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट येऊ लागली. ‘खा’ म्हटल्यावरही नाल्यात टोपल्या दिसायच्या. मी समजायचो त्या पुढच्या खेपेच्या. शिजवलेल्या कांद्यातला वाटा तिच्याकडे यायचा तो दोन-तीन दिवसांनी, आणि मी म्हणायचो, गावाला उपकार विसरायची घाई आहे. तिचे गुडघे धरलेले, ती नाल्यावर जायची नाही. मी जायचो. मी शिकलेला होतो, रोज तिथे आंघोळ करायचो, आणि मी एकदाही विचारलं नाही. वारलूभाऊच्या अंगणात त्या दिवशी मी एक वाक्य बोललो असतो, किंवा तो बोलला असता, तर ती आज असती. मला वाटत होतं मी गाव वाचवतो आहे. त्यांना वाटत होतं ते तिला जपत आहेत. आणि ती बिचारी आमच्या सगळ्यांसाठी रोज वीख खात होती, तेही कोणाला नको असताना.

दवाखान्यात जायचं कारण उरलं नव्हतं. आम्ही बंडी वळवली.

तिला माती देऊन झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव तिच्याच अंगणात जेवायला बसलं. धान्य कोणाकडे नव्हतंच. सोमवारच्याच टोपल्या तेवढे दिवस पाण्यात राहून निघाल्या होत्या आणि कमळाने तो कांदा जिभेवर घेऊन मग शिजवला होता. वारलूभाऊने मला हात धरून स्वतःच्या शेजारी, गावाच्या पंगतीत बसवलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. सगळ्यांच्या पानावर वाढून झालं, आणि कोणी घास उचलेना. लेकरं आयांच्या तोंडाकडे बघत होती, आया वारलूभाऊकडे बघत होत्या, आणि वारलूभाऊ तिच्या मोडक्या दाराकडे बघत होता. सहा-सात दिवसांची उपाशी माणसं, पुढ्यात वाफाळतं अन्न, आणि खा म्हणायला कोणी नव्हतं.

शेवटी मीच पहिला घास घेतला. कांदा मऊ शिजला होता आणि मुळीच कडू नव्हता.